खुराड्यात आधी डोकं घाला

वाचकांचे प्रश्न : अंगणातली कोंबडी

या महिन्यात कोंबड्यांविषयी १४ पत्रं आली. त्यातली ११ पुरुषांची. मला याची गंमत वाटते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत माझी ३३ वर्षं गेली, अक्कलकुवा, साक्री, यावल असं फिरत, आणि सकाळी उठून कोंबड्यांना दाणे टाकणारा बाप्या मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला. कोंबड्या बाईच्या, अंड्यांचे पैसे बाईच्या कनवटीला. दुखणं आलं की दवाखान्यात मात्र येतो तो घरधनी. त्याला विचारावं, "कधीपासून खात नाही?" तर म्हणतो, "कालपासून असेल." घरी फोन लावला की कळतं, आज पाचवा दिवस.

तेव्हा दादांनो, खालची उत्तरं घरात मोठ्याने वाचून दाखवा. ज्या बाईने दाणे टाकले, ती मध्येच "हे असं नव्हतं" म्हणाली तर तिचं खरं धरा.

आमच्याकडे ११ गावरान कोंबड्या होत्या. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात तीन दिवसांत ५ मेल्या. चोच उघडी टाकून धापा टाकत होत्या, पंख अंगापासून लांब धरत होत्या, मान सरळ होती. अंड्यांचं कवचही पातळ येतंय. गावातल्या एका जाणत्याने मानमोडी सांगितली. उरलेल्यांना कोणतं औषध द्यावं? खुराडं पत्र्याचं आहे. मेल्या त्या सगळ्या दुपारच्याच मेल्या. — एक शेतकरी, रावेर तालुका

दादा, शेवटची दोन वाक्यं तुम्ही जाता जाता लिहिलीत, माझ्या लेखी निदान तिथेच झालं. मानमोडी घड्याळ पाहून मारत नाही. ती रात्री मारते, पहाटे मारते, मान पिळवटते, हिरवी हगवण लावते. तुमच्या पाचही कोंबड्या दुपारी गेल्या, त्यांची मान सरळ होती. हे ऊन आहे.

कोंबडीला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नसतात तिला. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. आपल्याकडे भुसावळ-रावेरला पारा ४५ च्या पुढे गेला की अंगातली उष्णता बाहेर जायला वाटच उरत नाही. तुरा, पाय आणि उघडी चोच, एवढंच तिच्या हातात. धापा टाकून ती तोंडातला ओलावा हवेत सोडते आणि त्यावर गार होते. म्हणजे गारवा पाण्याने विकत घेते. एरवी दिवसाला पाव लिटरच्या आत भागवणारी कोंबडी या दिवसांत दुप्पट पाणी मागते. तुमच्याकडे पाण्याला काय ठेवलंय ते पत्रात नाही, पण मी पैज लावते, प्लास्टिकचं घमेलं असेल आणि ते उन्हात असेल. दुपारी एक वाजता त्यात बोट घालून बघा. आपण ते पिऊ का?

मातीची दोन-तीन पसरट भांडी आणा, निंबाच्या सावलीत ठेवा, दुपारी एकदा पाणी बदला. पत्र्याला वरून चुना मारा. तुमच्या भागात केळीला तोटा नाही. वाळलेली पानं वीतभर जाडीची पत्र्यावर अंथरून दोरीने आवळा. नसतील तर पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या. फक्त चुलीचा धूर आणि ठिणगी कुठे जाते ते आधी पाहा. पश्चिमेच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. खुराड्याच्या आत जमिनीवर मात्र पाणी शिंपडू नका. बंद जागेत त्याची वाफ होते आणि कोंबडीचं धापा टाकणंही फुकट जातं. शिवाय ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात ते वेगळंच.

दाणे पहाटे आणि दिवस कलल्यावर टाका. खाल्लेलं पचताना अंगात उष्णता होते. सकाळी दहाला पोटभर मका टाकलात की ती उष्णता नेमकी भर दुपारी येते. एखादी लोळण घेतलीच तर तिला सावलीत आणून पाय आणि पोट साध्या पाण्यात बुडवा, मान वर धरून. बर्फाचं पाणी नको. शुद्धीवर आली की ओआरएसची पुडी लिटरभर पाण्यात कालवून तेच समोर ठेवा, चोचीत ओतू नका. श्वासनळीत गेलं तर आपल्याच हातून मरते.

अंड्यांचं कवच पातळ येतंय असंही तुम्ही लिहिलंय. तेही याच धापांचं. धाप लागली की अंगातला कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो आणि कवच घडवायला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, ते रोज कुठून यायचं? शिंपल्यांचा चुरा, नाहीतर घरातलीच अंड्यांची टरफलं भाजून बारीक चुरून वेगळ्या वाटीत ठेवा. दाण्यात मिसळू नका. जिला हवं ती खाते, कोंबड्याला नको असतं.

बाजारातून एक देखणा कोंबडा आणला. आठवड्याभरात घरच्या ३० पैकी २३ गेल्या. मान वाकडी होऊन पाठीवर जायची, हगवण हिरवी. ७ उरल्यात, त्यांना आता लस द्यावी का? विकून टाकाव्यात का? — तळोदा तालुक्यातून एक तरुण

ही मात्र मानमोडीच. पुस्तकात राणीखेत. १९२७ साली कुमाऊंतल्या राणीखेतला आपल्या देशात ती प्रथम नोंदली गेली, म्हणून ते नाव. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडात न्यूकॅसलला दिसली होती, तिकडे ती त्या गावाच्या नावाने ओळखतात. गावांची नावं दोन, रोग एकच. विषाणूचा आहे, त्याला औषध नाही. कुणी गोळी, कुणी लसणाचा रस, कुणी दारू पाजायला सांगेल. नको.

तुझा देखणा कोंबडा आला त्या दिवशी ठणठणीत दिसत असेल. रोग अंगात शिरल्यापासून दिसायला लागेपर्यंत दोनापासून पंधरापर्यंत दिवस जातात, बहुधा पाच-सहा. म्हणून बाजारातला पक्षी थेट कळपात सोडायचाच नाही. घराच्या दुसऱ्या टोकाला, डालग्याखाली, तीन आठवडे. त्याला दाणापाणी शेवटी घालायचं, आधी घरच्यांना. भांडी वेगळी. तीन आठवडे तो जगला, खाल्लं-प्यालं, तर मग जाऊ दे पोरींमध्ये.

लसीचं उत्तर देण्याआधी माझी एक चूक सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अक्कलकुव्याकडच्या एका पाड्यावर थर्मास घेऊन गेले होते. सातपुड्याच्या पायवाटेने दोन तास चाललेली, लस वाया जायला नको म्हणून घाई. एका घरी बाई म्हणाली, "दोन कोंबड्या सकाळपासून झोपून आहेत, ताई." मी खुराड्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब टाकत सुटले. रोग आधीच आत होता. चार दिवसांत त्या घरच्या सगळ्या गेल्या आणि माझ्या हातांवर तोच रोग घेऊन मी पुढच्या तीन घरांत गेले होते, तिथल्याही गेल्या. पाड्यावर बोलणं झालं ते एवढंच, "ताईच्या थेंबाने मारल्या." पुढची दोन वर्षं त्या पाड्यावर माझ्यापुढे कुणी डालगं उघडलं नाही. त्यांचं चुकलं असं मला आजही म्हणता येत नाही. तेव्हापासून मी कुठेही गेले तरी आधी वाकून खुराड्यात डोकं घालते. वास घेते, जमिनीवरची शीट पाहते, कोपऱ्यात कोण पिसं फुलवून उभं आहे ते पाहते, मग थर्मास उघडते.

तर तुझ्या सातांना आता लस नको. त्यांना विकूही नकोस. अर्ध्या भावात बाजारात गेलेली आजारी कोंबडी हीच तुझ्या घरी देखणा कोंबडा होऊन आली होती. मेलेल्या नाल्यात फेकू नका. कमरेइतका खड्डा, वर चुना, वर माती, त्यावर दगड, नाहीतर रात्री कुत्री उकरतात. पिसंसुद्धा त्यातच. खुराडं खरवडून, चुना मारून, उन्हात महिनाभर उघडं ठेव. लांबच्या ज्या घरांत अजून काही नाही, त्यांनी मात्र लगेच लस करून घ्यावी.

लसीचं गणित सोपं आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा नावाच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तोच पुन्हा. आठ ते दहा आठवड्यांची झाली की आर-टू-बी, ही सुई असते, कातडीखाली. ही जोरदार लस आहे, लहान पिल्लांना चुकूनही द्यायची नाही. पुढच्या खेपा तुमच्या दवाखान्यात विचारून. अडचण एवढीच की कुपी शंभरेक पक्ष्यांची येते आणि आपल्या घरी असतात बारा. म्हणून एकटा माणूस जात नाही. पाड्यावरच्या दहा घरांनी एक दिवस ठरवा. बर्फाच्या थर्मासात कुपी आणा, सकाळच्या गारव्यात उघडा आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवा. शिल्लक उद्यासाठी ठेवली तर उद्या ते नुसतं पाणी. आणि पक्षी धरायचे ते पहाटे अंधार असतानाच. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती शांत असते. दिवसा पाठलाग करून धरलेली आधीच अर्धमेली होते.

आमच्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी निघतो, विशेषतः फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस राहिलेल्या अंड्यांचा. एकदोनदा पांढराही गुलाबी झाला. भाचा म्हणतो अंडी नासली. वास तर येत नाही. — चोपडा

म्हशीला सरकीची पेंड घालता ना? आणि गव्हाणीखाली सांडलेली कोंबड्या टिपतात?

सरकीत गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं. म्हशीचा कोठा ते बरंचसं पचवून निकामी करतो, कोंबडीला तसा कोठा नाही. तिच्यात ते बलकापर्यंत जातं, तिथल्या लोहाला धरून बसतं आणि अंडं साठवलं की रंग चढत जातो. पांढरा गुलाबी होतो तो सरकीच्या तेलातल्या आणखी एका घटकामुळे. अख्ख्या कापूसपट्ट्यात ही तक्रार घराघरांत असते, आणि दरवेळी कोंबडीच्या डोक्यावर खापर फुटतं. गव्हाणीला फळी लावा, पेंड टिपणं बंद झालं की काही आठवड्यांत बलक पिवळा येईल. शेंगदाण्याची पेंड चालते, बुरशी नसलेली. बुरशी लागलेला मका आणि पेंड "कोंबड्यांना टाकून दे" म्हणतात ना, त्यातलं विष कोंबडीचं काळीज, म्हणजे यकृत, खातं. बदकं तर त्याहून लवकर मरतात.

उकडलेल्या अंड्याच्या बलकाभोवती हिरवी कड दिसते ती वेगळी. ते तुम्ही अंडं जास्त उकडलंत, बस.

कापसाचंच निघालं म्हणून सांगते. पेरणी तोंडावर आहे. सरकीचं बियाणं, ज्वारीचं बियाणं औषध लावून रंगवलेलं असतं. पाकीट फाडताना ओसरीत चार दाणे सांडले, तर तेवढे कोंबडीला पुरतात. फवारणीचा पंप अंगणात धुऊ नका. ते पाणी जिथे साचतं तिथेच त्या चोची बुडवतात.

(एका आजीचं पत्र, नातवाने लिहून घेतलेलं. पारोळा तालुका.) "मन्या कोंबड्या सांजले खुराडामा जातस नही, निंबवर बठतस. खेदी खेदी आनो तरी पऱ्हा पयतस. एक तं खास नही, पेस नही, नुसती बठी ऱ्हास. तुरा धव्या पडी ग्या." काय करू?

आजी, तुमच्या पत्राने मला आनंद झाला. असं पत्र विरळाच येतं, ज्यात औषध मागितलेलं नाही, कोंबडी काय करते ते सांगितलंय. ज्यांना अहिराणी येत नाही त्यांच्यासाठी : कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जात नाहीत, निंबावर बसतात, हाकलून आणल्या तरी पळतात, एक खात-पीत नाही, नुसती बसून असते, तुरा पांढरा पडलाय.

कोंबडी घर सोडते तेव्हा घरात कुणीतरी असतं. साप नसेल, तर गोचीड. कोंबडीचा गोचीड जनावरावरच्या गोचिडासारखा अंगाला चिकटून राहत नाही. दिवसभर तो भिंतीच्या भेगेत, बांबूच्या सांध्यात, पत्र्याच्या घडीत दडतो. रात्री बाहेर येतो, रक्त पितो आणि उजाडायच्या आत परत जातो. म्हणून दिवसा कोंबडी धरून पिसं उलगडली तरी मोठा गोचीड सापडत नाही. त्याची बारीक पिल्लं तेवढी पंखाखाली चिकटलेली दिसतात. तुरा पांढरा पडला तो रक्त गेल्यामुळे.

नातवाला रात्री नऊ वाजता बॅटरी घेऊन खुराड्याच्या फटी बघायला सांगा. सुरीचं टोक भेगेत घालून ओढा, रक्ताचा डाग आला की ठरलं. मग दिवसा, कोंबड्या बाहेर असताना, खुराड्यातलं सगळं तूस, पेंढा बाहेर काढून जाळा. भेगांवरून टेंभा फिरवा, खुराडं मातीचं असेल तरच. लाकडाचं असेल तर उकळतं पाणी ओता. मग भेगा मातीने लिंपून चुना द्या. एकदा करून भागत नाही. हा प्राणी न खाता-पिता वर्षभरही तग धरतो, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा, आणि परत एकदा. रिकामं ठेवलेलं जुनं खुराडं स्वच्छ असतं असं समजू नका.

कपाशीचं फवारणीचं औषध खुराड्यात किंवा कोंबडीच्या अंगावर मारू नका, असं मी हात जोडून सांगते. अशा फवाऱ्याने एका रात्रीत आख्खं खुराडं मेलेलं मी पाहिलंय, गोचिडांसकट. अंगावरच्या उवा-पिसवांसाठी चुलीची राख आणि कोरडी माती निम्मी-निम्मी, एका खड्ड्यात. त्या आपण होऊन लोळतात. आणि ती बसून असलेली कोंबडी दवाखान्यात न्या. गोचिडापासून तापाचा एक रोग होतो, त्याला सुई लागते आणि ती वेळेवर दिली तर गुण येतो. तोवर निंबावर बसू द्या त्यांना. त्या शहाण्या आहेत.

तुऱ्यावर आणि डोळ्यांभोवती फोड, खपल्या. आमच्या सासूबाई देवी म्हणतात आणि हात लावू देत नाहीत. — शहादा

सासूबाईंचं निदान बरोबर आहे, देवीच. खपल्या काढू नका हेही बरोबर, काढल्या तर रक्त येतं आणि रोग पसरतो. डास पसरवतात, म्हणून पावसाळ्यात जास्त. तीन-चार आठवड्यांत आपोआप उतरतं. डोळे मिटले असतील तर कोमट मिठाच्या पाण्याने पुसा आणि भिजवलेली कणी चोचीजवळ धरा, नाहीतर ती देवीने नाही, उपाशी मरेल. घशात पांढरट थर आला आणि श्वास घुरघुरला तर मात्र दवाखाना. माणसाला होत नाही. मुलांच्या कांजिण्यांशी याचा काही संबंध नाही. लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पडद्यात टोचतात.

लग्नातली उरलेली शेव, बुंदी कोंबड्यांना घातली. दुसऱ्या दिवशी ३ मेल्या. — धुळे

मीठ. शेव-फरसाण नको, लोणच्याचा खार नको, खारे दाणे नकोत. चुकून खाल्लंच तर भरपूर साधं पाणी समोर ठेवा. बुंदीचं मला वाईट वाटलं, ती तुम्हीच खायची.

खुडूक बसलेली कोंबडी उठत नाही. शेजारीण म्हणते नाकात पीस खुपसा नाहीतर विहिरीच्या पाण्यात बुडवा. — एरंडोल

दोन्ही नको. पीस खुपसून कोंबडी विटते ती बसण्याला नाही, तुम्हाला. खुडूक बसणं आजार नाही, तिच्या अंगाला वाटतंय की २१ दिवस बसायचं आहे. पोटाखाली गरम, अंधारी, मऊ जागा असेपर्यंत ती उठणार नाही. बांबूच्या पट्ट्यांचा किंवा जाळीचा पिंजरा चार विटांवर उचलून ठेवा, खालून वारा लागला पाहिजे. उजेडात ठेवा. दाणापाणी द्या, तीन-चार दिवसांत विसरते. आणि वैशाखात तिच्याखाली अंडी मांडायचा मोह टाळा. खोलीत पडलेली अंडी या उन्हात आधीच अर्धीमुर्धी उबून कुजलेली असतात. मृगाचा पाऊस पडू द्या.

नवापूरला बर्ड फ्लू आला की आमच्या गावात अंडी कुणी खात नाही. आपल्या घरच्या कोंबड्यांना धोका केव्हा समजावा? — साक्री तालुका

देशातला पहिला बर्ड फ्लू नवापूरला सापडला, फेब्रुवारी २००६ मध्ये. मी तेव्हा नंदुरबार जिल्ह्यात नव्हते, पण आमच्यातले कितीतरी जण पांढरे अंगभर पोशाख घालून तिकडे गेले, लाखो पक्षी मारून पुरले. परत आल्यावर त्यातला एक सहकारी बरेच दिवस चिकन खाऊ शकला नाही. भीतीने नव्हे, मारताना हातांना जी सवय झाली त्याने. २०२१ च्या फेब्रुवारीत पुन्हा तेच गाव. तिथे एका शेडमध्ये हजारो कोंबड्या असतात, म्हणून बातमी होते. तुमच्या अंगणातल्या नऊ मेल्या तर बातमी होत नाही, आणि भीती मला त्याचीच जास्त वाटते.

खूण अशी : आजारपण न दाखवता एकाच रात्रीत बऱ्याच मरतात. तुरा निळा-काळा, डोकं सुजलेलं, पायाच्या कातडीखाली रक्त उतरलेलं. आसपास कावळे किंवा पाणपक्षी मेलेले दिसले तर जास्तच सावध. असं दिसलं की मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नका, सोलू नका, पोरांना लांब ठेवा आणि दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातात, उत्तर तिथून येतं. मानमोडी आणि बर्ड फ्लू वरवर सारखेच दिसतात. मीसुद्धा नुसतं पाहून छातीठोक सांगणार नाही. लोक कळवत नाहीत, कारण "सरकार उरलेल्या पण मारेल." बर्ड फ्लू ठरला तर एक किलोमीटरच्या आतल्या मारतातच, हे मी लपवत नाही. त्याची भरपाई मिळते, पंचनाम्यात कोंबड्यांची संख्या बरोबर लिहून घ्या.

अंडं-मटण पूर्ण शिजलेलं असेल तर खायला हरकत नाही. ७० अंशांवर विषाणू टिकत नाही आणि आपली आमटी उकळते १०० ला. अर्धं कच्चं ऑम्लेट त्या दिवसांत नको.

पोराच्या खोकल्याच्या उरलेल्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकतो. कधी गुण येतो, कधी नाही. मात्रा किती ठेवावी? — अमळनेर

शून्य. भाऊ, मीही अमळनेरची, घरी आलात तर तोंडावर हेच सांगेन. ज्या दिवशी गुण आला त्या दिवशी कोंबडी तशीही बरी होणार होती. औषध अंड्यात उतरतं, अंडं तुमच्याच पोराच्या ताटात जातं आणि त्याचा पुढचा खोकला त्या औषधाला दाद देत नाही. कोलिस्टिन नावाचं एक औषध कोंबड्यांना सर्रास दिलं जायचं. माणसांसाठी तो शेवटचा उपाय असतो म्हणून २०१९ मध्ये सरकारने ते जनावरांसाठी बंदच केलं. डॉक्टरने औषध दिलं तर एक प्रश्न नक्की विचारा : किती दिवस अंडी खायची नाहीत?

मी सहावीत आहे. आमची लाली दोन वर्षांची आहे. तिने यंदा पिल्लं वाढवली, आता एक महिना झाला अंडी देत नाही. तिची पिसं अंगणात पडतात, मानेवर टक्कल पडलंय. बाबा म्हणतात रविवारी कापू. मामा कोंबड्या पाय धरून उलट्या टांगून सायकलवर आणतो, तेव्हा त्या शांत असतात. त्यांना दुखत नाही का? — चाळीसगाव

आधी मामाचं. उलटी टांगलेली कोंबडी शांत असते ती घाबरून गोठलेली असते. आपल्या छाती आणि पोटाच्या मध्ये एक पडदा असतो, तो कोंबडीला नाही. उलटं केलं की पोटातलं सगळं तिच्या श्वासाच्या पिशव्यांवर पडतं आणि तिला धड श्वास घेता येत नाही. त्यात उन्हाळा. मामाला डालगं दे, नसेल तर भोकं पाडलेलं खोकं. असं वागवणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे, पण मामाला कायदा नको सांगूस, तो चिडेल. त्याला एक मिनिट उलटं लटकायला सांग.

आता लाली. तिला घेऊन एक गोष्ट बघ, पण संध्याकाळी, हळू हाताने. मानेवरच्या टकलाकडे नीट पाहा. कातडी लाल, जखम, रक्त असेल तर दुसरी कोंबडी टोचतेय. कातडी स्वच्छ असेल आणि त्यातून निळसर, टोकदार, सुईसारखे कोंब वर येत असतील, तर ती पिसं टाकतेय. कोंबडी वर्षातून एकदा जुनी पिसं टाकून नवी घालते, पिल्लं वाढवून झाल्यावर किंवा उन्हाच्या तडाख्यानेही टाकते. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांची असतात. पिसं आणि अंडी दोन्ही एकदम तिच्याच्याने होत नाही, म्हणून अंडी थांबतात. ते कोंब दाबले तर तिला दुखतं, तेव्हा तिला रोज मांडीवर घेऊ नकोस. तुरीच्या डाळीची चुरी, शेंगदाण्याची पेंड, वाळवी सापडली तर वाळवी खायला घाल.

दोन वर्षं म्हणजे म्हातारी नव्हे. दोन-तीन महिन्यांत अंगभर नवी पिसं येतील, तुरा पुन्हा लाल होईल आणि ती अंडं घालायला जागा शोधत घरभर ओरडत फिरेल. बाबांना हे पत्र वाचायला दे, रविवारच्या आत. ते काय म्हणाले ते मला कळव.